पोपटाकडे बघ

लग्नाच्या ऑर्डरी ड्रोनवाल्यांनी नेल्या,
आधारचे फोटो आधारवालेच काढतात.
मे महिन्यात चोपड्याच्या भर दुपारी
माझ्या स्टुडिओत असतं कोण,
तर कूलरमधल्या वाळ्याचा वास आणि मी.

अशाच एका दुपारी भारंबे मॅडम आल्या
पेपरात गुंडाळलेली एकच चप्पल घेऊन.
डाव्या पायाची. टाचेपाशी दातांच्या खुणा.
"आमच्या भुऱ्यानं चावलेली," म्हणाल्या,
"ही शेवटची."
मी स्टुलावर पांढरं कापड टाकलं,
लाइट तिरपा केला,
म्हणजे एकेका दाताला आपापली सावली पडेल.
"साइज?"
"पासपोर्ट."
"आठ कॉपी येतात."
त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.
"एकच द्या. बाकी कुणाला माहीत होता तो!"

मग गावाला कळलं. गावाला कळतंच.
यशोदानं नवऱ्याचा शर्ट आणला,
तीस वर्षं केळीचे घड वाहिलेला,
खांद्यावर चिकाचे डाग,
धुऊन धुऊन अजूनच काळे झालेले.
"इस्त्री फिरवू का?"
"कसाले, भाऊ? तेस्ले इस्त्री माहीतच नव्हती."

मग मुराद तडवी, सातवीतला,
हातात दोरी, दोरीला बिजली नावाची शेळी.
दुसऱ्या दिवशी ती बाजाराला जायची होती.
तिनं आधी माझे प्लास्टिकचे गुलाब खाल्ले,
मग पडद्यावरच्या काश्मीरकडे तोंड करून
उभी राहिली ती राहिलीच.
सहा फोटो, सहाही पाठमोरे.
"असाच द्या," मुराद म्हणाला, "ती अशीच आहे."

पैसे घेतले नाहीत असं नाही.
निम्मे घेतले. गुलाबांचे सोडले.

कुणी कंपासपेटीचं झाकण आणलं,
त्यावर बहिणीनं करकटकानं कोरलेली शिवी.
एक जण नुसती किल्ली घेऊन आला.
कुलूप कुठंय विचारलं, तर म्हणाला,
धरणात.

त्या रात्री शटर अर्धं ओढलं
आणि स्वतःचं काही सापडतं का बघू लागलो.
खालच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या रोलच्या डब्यांखाली,
रबरी पोपट.
चोचीचा लाल रंग गेलेला, शिट्टी कधीच गेलेली,
पोट दाबलं की नुसती हवा सुटते.

एकतीस वर्षं हा हलत होता
कॅमेऱ्याच्या उजवीकडे, जरा वर,
आणि इंदूचा आवाज:
पोपट बघ, पोपट! कुठंय पोपट?
जावळाची पोरं, बालवाडीची पोरं,
रडून नाक वाहणारी, नव्या बुटांनी बावरलेली,
त्यातला एक आता सोसायटीचा चेअरमन आहे,
एक नाशकात दात काढते लोकांचे,
आणि घरोघरच्या भिंतींवर
अजून सगळी तिकडेच बघताहेत,
फ्रेमच्या थोडं बाहेर.
पोपट एकाही फोटोत नाही.
पोपट धरणारा हात तर नाहीच.

इंदूचे म्हणाल तर दोन आहेत.
एक रेशनकार्डाचा.
दुसऱ्यात डोळे मिटलेत.
पुन्हा काढू, म्हणालो होतो,
गिऱ्हाईक आलं तेवढ्यात.

पोपट स्टुलावर ठेवला. एका अंगाला कलतो.
पोटावर एक खळगा पडलाय, दाबून दाबून,
माझा अंगठा त्यात मावला नाही.
लाइट तिरपा केला.
खळग्यात सावली भरली.
फोकस लागला, बोट बटणावर गेलं,
सवयीनं तोंडातून निघालं, "हं, इकडे..."

आणि मीच पाहिलं
उजवीकडे, जरा वर.